लॅपटॉपची राखण आणि संशयाचे बोट

पूर्वी आपल्या वस्तीत चोराने न्यावे असे होते तरी काय? चार पितळी भांडी, एखादी सायकल, फार तर लग्नात मिळालेले घड्याळ. आज चित्र बदलले आहे. पी.एफ.मधून पैसे उचलून, भिशी लागली की त्यात भर घालून, आईबाप मुलामुलींना लॅपटॉप घेऊन देतात. ही वस्तू आता चैनीची राहिलेली नाही. तिच्यात मुलांचा अभ्यास असतो, नोकरीचे अर्ज असतात, जातीच्या दाखल्यापासून गुणपत्रिकेपर्यंत सारे कागद असतात. म्हणूनच तिची राखण कशी करावी, आणि ती राखण करताना आपण कोणती चूक करू नये, या दोन्ही गोष्टी आमच्या अनुभवावरून समाजबांधवांपुढे मांडाव्यात असे वाटते.

६ डिसेंबर २०२४ रोजी आम्ही सर्व कार्यकर्ते दादरला चैत्यभूमीवर पाणीवाटपाच्या सेवेत होतो. रात्री परत आलो तो विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेचे कुलूप तुटलेले. कपाटातले दोन लॅपटॉप गेले होते. एक आम्ही नोकरदारांनी वर्गणी काढून अभ्यासिकेला दिलेला. दुसरा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या वसाहतीतील एका मुलीचा. तिचे घर एका खोलीचे, टेबल ठेवायलाही जागा नाही, म्हणून ती लॅपटॉप अभ्यासिकेतच ठेवत असे.

त्याच रात्री कुजबुज सुरू झाली. रेल्वेच्या रुळांपलीकडे पारधी समाजाची काही पाले आहेत. तिथला एक चौदा वर्षांचा मुलगा आमच्या सायंवर्गाला येतो. "तोच कपाटाकडे बघत बसायचा," असे कुणीतरी म्हटले. दुसऱ्याने मान डोलावली. सकाळपर्यंत ती गोष्ट 'सर्वांना ठाऊक' होऊन बसली.

नकाशावरचे वर्तुळ

त्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये विंडोजची 'फाइंड माय डिव्हाइस' ही सोय सुरू होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या मोबाइलवर नकाशा आला आणि त्यावर एक वर्तुळ. त्या वर्तुळात रुळांपलीकडची पाले होती. झाले! दहा-बारा तरुण निघायच्या तयारीत उभे राहिले.

आम्ही त्यांना अडवले आणि वर्तुळ नीट बघायला सांगितले. त्यात पाले होती हे खरे, पण बाजाराची एक रांग होती, दोन चाळी होत्या, रिक्षास्टँडही होता. साध्या लॅपटॉपमध्ये बहुधा जी.पी.एस. नसते. आसपासच्या वाय-फायच्या संकेतांवरून तो आपली जागा ताडतो. म्हणून नकाशावर घर दिसत नाही, परिसर दिसतो. वाय-फायचा असा आधार नसेल तर नुसत्या इंटरनेट जोडणीवरून काढलेली जागा कित्येक किलोमीटर चुकू शकते. असे वर्तुळ हा तपासाचा धागा आहे, पुरावा नव्हे.

आम्ही नकाशाचा छापील कागद, तारीख-वेळ, बिल आणि सीरियल नंबर घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथे प्रथम 'गहाळ' म्हणून नोंद करा असा सल्ला मिळाला. आम्ही कारकून माणसे, कागदाची किंमत जाणतो. तुटलेल्या कुलपाचा फोटो पुढे ठेवून चोरीचाच गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरला आणि तो नोंदला गेला. वर्तुळातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मुलीचा लॅपटॉप सापडला. विकणारा ना पालांतला निघाला, ना आमच्या वसाहतीतला. न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल परत मिळायला दोन महिने लागले. अभ्यासिकेचा लॅपटॉप आजतागायत मिळालेला नाही. त्याचे बिल सापडत नव्हते आणि सीरियल नंबर कुणी लिहून ठेवला नव्हता.

मुलीचा लॅपटॉप आला, पण कोरा. दुकानात तो पुसून टाकला होता. तिचे सात महिन्यांचे प्रकल्पाचे काम गेले.

घरच्या घरी केलेली व्यवस्था

या अनुभवानंतर आम्ही जी व्यवस्था उभी केली ती कोणत्याही विहारात, वसतिगृहात किंवा घरात करता येईल.

पहिली गोष्ट नोंदवही. लॅपटॉपची कंपनी, मॉडेल, खालच्या बाजूचा सीरियल नंबर, खरेदीची तारीख आणि बिलाची प्रत. खालच्या बाजूला कोरणीने आमचा क्रमांक कोरला आहे. कोरलेली वस्तू विकताना भाव पडतो आणि घेणाराही दोन प्रश्न विचारतो. मोबाइल हरवला तर आय.एम.ई.आय. क्रमांकावरून तो सरकारी व्यवस्थेतून बंद करता येतो. साध्या लॅपटॉपला असा क्रमांक नसतो, म्हणून त्याची नोंद आपणच ठेवायची.

दुसरी गोष्ट तारेचा अलार्म. आय.टी.आय. झालेल्या आमच्या एका कार्यकर्त्याने तो बनवला. ९ व्होल्टची बॅटरी, एक छोटा बझर, बी.सी. ५४७ हा ट्रान्झिस्टर आणि ४७ किलो-ओहमचा एक रेझिस्टर, एवढेच सामान. बझर बॅटरीच्या धन टोकापासून ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडायचा आणि एमिटर ऋण टोकाला. रेझिस्टर धन टोकापासून बेसला. मग बेसपासून एक बारीक तार सर्व लॅपटॉपच्या कड्यांतून ओवून ऋण टोकाला आणायची. तार शाबूत असेतो बेसला येणारा प्रवाह तारेतूनच निघून जातो आणि बझर गप्प राहतो. कुणी तार कापली किंवा ओढून तोडली की तोच प्रवाह ट्रान्झिस्टरला चालू करतो आणि बझर ओरडू लागतो. सारा खर्च दीडशे रुपयांच्या आत. तार शाबूत असताना बॅटरी फार थोडी खर्च होते, तरी आम्ही दर महिन्याच्या १ तारखेला तार सोडून आवाज तपासतो. बझर लहान आहे, तो चोराला धरून ठेवणार नाही, पण शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवतो. चोराला शांतता हवी असते, ती आपण त्याला मिळू द्यायची नाही.

तिसरी गोष्ट यंत्राच्या आतले कुलूप. 'फाइंड माय डिव्हाइस' सुरू ठेवावे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते आणि 'लोकेशन' चालू असावे लागते. मात्र लॅपटॉप सुरू होऊन इंटरनेटला जोडला गेला तरच ते काम करते आणि यंत्र पुसून टाकले की संपते. म्हणून नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नये. डिस्क सांकेतिक करून ठेवली, म्हणजे एन्क्रिप्शन चालू केले, तर चोराला आपले कागद व फोटो वाचता येत नाहीत. पण त्याची रिकव्हरी-की कागदावर लिहून लॅपटॉपपासून दूर, घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. ती हरवली तर प्रसंगी आपल्यालाच आपले कागद मिळणार नाहीत.

चौथी गोष्ट प्रत. १९१७ साली बाबासाहेब विलायतेहून परतले तेव्हा त्यांचे ग्रंथ असलेले सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते. पाणतीर लागून ते जहाज बुडाले आणि अर्धपोटी राहून जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले. त्या काळी दुसरी प्रत ठेवण्याचा उपाय नव्हता. आज आहे. आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी वंदनेनंतर प्रत्येकाने आपले काम पेनड्राइव्हवर उतरवून तो घरी न्यायचा आणि एक प्रत ई-मेलने स्वतःलाच पाठवायची, असा नियम आहे. चोरी झालीच तर वस्तू जाईल, श्रम जाणार नाहीत.

किल्ली कुणाच्या हाती?

ही व्यवस्था करताना महिला मंडळाच्या ताईंनी एक प्रश्न उभा केला. "लॅपटॉप कुठे आहे हे दिसते, म्हणजे मुलगी कुठे आहे हेही दिसणार. मग पासवर्ड समितीकडे कशाला?" काही पालकांना पासवर्ड आपल्याकडे हवे होते. आम्हाला ताईंचे म्हणणे पटले. चोरावर ठेवलेली नजर मुलींवर वळायला वेळ लागत नाही. म्हणून ज्याचा लॅपटॉप त्याचाच पासवर्ड, असे ठरले. समितीकडे फक्त नोंदवही आणि अभ्यासिकेच्या यंत्रांच्या किल्ल्या राहतात.

चोरी झालीच तर

प्रथम फोटो काढा, वस्तूंना हात लावू नका. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. चोरीचे कलम भारतीय न्याय संहितेचे ३०३. गुन्ह्याची खबर नोंदवण्याचे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७३. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. ई-मेल व बँकेचे पासवर्ड त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रावरून बदला. आणि नकाशा दिसला तरी स्वतः जाऊ नका.

तो मुलगा

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगतो. लॅपटॉप सापडल्याची बातमी वसाहतीत पसरली, पण तो पारधी मुलगा वर्गाला आलाच नाही. कुजबुज त्याच्या कानी गेली होती. आम्ही दोघे-तिघे पालावर गेलो. त्याची आई म्हणाली, "साहेब, तुमच्याकडं कागद होता म्हणून खरं काय ते निघालं. कागद नसता तर पोरगं माझंच गेलं असतं."

आम्हाला मान वर करता आली नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण कायद्याच्या पुस्तकातून पुसलेला शिक्का लोकांच्या मनातून पुसला गेला नाही, आणि त्या रात्री तो आमच्याही मनात निघाला. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्यांनी दुसऱ्यावर जन्मावरून बोट दाखवावे, यापरते दुःख कोणते? पंचशीलातले दुसरे शील चोराने मोडले. पुराव्यावाचून चोर म्हणून आम्ही चौथे शील मोडले.

समितीने पुढच्या पौर्णिमेला सर्वांसमोर चूक कबूल केली. मुलगा आता येतो, पण रोज नाही, आणि दाराजवळच बसतो. अभ्यासिकेच्या भिंतीवर आम्ही दोन ओळी लिहून लावल्या आहेत. पहिली: 'जाताना तार जोडा.' दुसरी: 'पुराव्याशिवाय कुणाचे नाव घेऊ नका.' पहिली पाळणे सोपे जाते. दुसरीची आठवण एकमेकांना रोज करून द्यावी लागते. आपापल्या विहारात दोन्ही लावाव्यात, ही विनंती.

जयभीम!