दहा शहरं, १८५ कोटी बेत

पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, म्युनिक, झ्युरिक, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, रोम. युरोपला पहिल्यांदा निघालेल्या मराठी कुटुंबाच्या कागदावर साधारण अशीच यादी असते. कधी प्राग घुसतं, कधी ब्रसेल्स गळतं. यादी झाली की निम्मं काम उरकल्यासारखं वाटतं. राहिलं काय, तर क्रम लावायचा आणि ट्रेननं जायचं की कार भाड्यानं घ्यायची, ते ठरवायचं.

हे राहिलेलं काम केवढं आहे? पहिल्या मुक्कामासाठी दहा पर्याय, दुसऱ्यासाठी नऊ, तिसऱ्यासाठी आठ, असं करत एकपर्यंत आलो की गुणाकार होतो ३६,२८,८००. दहा शहरांमध्ये नऊ टप्पे. प्रत्येक टप्प्याला ट्रेन किंवा कार, म्हणजे दोनाचा नववा घात, ५१२. दोन्हींचा गुणाकार केला की हाती येतात १८५ कोटी ७९ लाख ४५ हजार ६०० वेगवेगळे बेत. सेकंदाला एक या वेगानं, न जेवता न झोपता ते तपासायला बसलं तर जवळजवळ ५९ वर्षं लागतील. पंचविशीत मधुचंद्राची आखणी सुरू करणारं जोडपं चौऱ्याऐंशीव्या वर्षी विमानात बसेल. विमान आणि बसही धरली तर टप्प्यामागे चार पर्याय होतात आणि आकडा ९५ हजार कोटींच्या पुढे जातो.

यातले बहुतेक बेत वेडगळ असतात, हे खरं. पॅरिसहून रोम, तिथून ॲमस्टरडॅम आणि मग व्हेनिस असं कुणी जात नाही. पण पॅरिसला उतरायचं आणि रोमहून परतायचं, एवढं विमानाच्या तिकिटानं पक्कं करून टाकलं तरी मधल्या आठ शहरांचे ४०,३२० क्रम उरतात आणि बेत दोन कोटींच्या वर.

सर्वांत लहान फेरी पडेल असा क्रम शोधायचा, हा प्रश्न गणितात फिरत्या विक्रेत्याच्या नावानं प्रसिद्ध आहे, आणि त्याचा प्रवासाशी संबंध अगदी अस्सल आहे. १८३२ साली जर्मनीत अशा विक्रेत्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक निघालं होतं. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या फेऱ्या कशा आखाव्यात, याची उदाहरणं त्यात होती. १९५४ मध्ये डँत्सिग, फुल्करसन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांची सर्वांत लहान फेरी शोधली आणि तिच्याहून लहान फेरी असूच शकत नाही, हे सिद्धही केलं. २०१८ पर्यंत मजल ब्रिटनच्या ४९,६८७ पबपर्यंत गेली. पायी हिंडायची ती फेरी सुमारे ६३,७०० किलोमीटरची, म्हणजे पृथ्वीला दीड प्रदक्षिणा. हे काम गणितज्ञ मंडळींनी हसतखेळत केलं असलं तरी संगणक मात्र घामाघूम झाले असणार.

पण सर्वांत लहान फेरी म्हणजे सर्वांत चांगली सुट्टी नव्हे. सुट्टीत किलोमीटरपेक्षा तास मोजायचे असतात. हॉटेल सोडायचं, बॅगा ओढत स्टेशन गाठायचं, उतरल्यावर नवं हॉटेल शोधायचं, खोली मिळेपर्यंत लॉबीत बसायचं. दोन तासांचा प्रवास दिवसातले पाच तास सहज खातो. नऊ टप्प्यांचे पंचेचाळीस तास झाले. चौदा दिवसांच्या सहलीत रोज बारा तास हिंडायचे धरले तर एकूण १६८. म्हणजे पाव भागाहून जास्त सुट्टी बॅगांच्या सोबतीनं गेली. ट्रेन की कार हा वाद घरोघरी तिकिटाच्या पैशांवर चालतो. माझ्या मते तो या तासांवर चालायला हवा.

पैशांचं गणित तसं सोपं आहे. ट्रेनचं भाडं माणशी वाढतं, कारचं वाढत नाही. एकट्यादुकट्यानं कार घेणं महाग, चौघांना ती स्वस्त पडू शकते. त्यात मग एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडण्याचा दंडासारखा आकार, स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक स्टिकर (चार दिवस राहा की चाळीस, किंमत तीच), आणि फ्रान्समधून इटलीत मोंब्लां बोगद्यानं जायचं तर एका वेळचे ५० युरोंहून जास्त.

तासांचं गणित पाहायला आल्प्स ओलांडून बघावं. झ्युरिकहून मिलानला जाताना गोट्टहार्डचा डोंगर आडवा येतो. कारसाठी तिथे १९८० मध्ये खुला झालेला १६.९ किलोमीटरचा बोगदा आहे. एकच नळी, जायला एक आणि यायला एक लेन. सुरक्षेसाठी तासाला एका दिशेनं साधारण हजारच गाड्या आत सोडतात. ईस्टरला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळा उत्तर युरोप उन्हाकडे निघाला की तोंडाशी रांग लागते, आणि तिथल्या वाहनचालकांचा ठोकताळा असा की किलोमीटरमागे दहा मिनिटं. दहा किलोमीटरची रांग म्हणजे शंभर मिनिटं. दहा किलोमीटरची रांग त्या दिवसांत नवलाची नसते.

त्याच डोंगराच्या पोटातून, पण कितीतरी खालून, ट्रेन जाते. २०१६ मध्ये सुरू झालेला हा रेल्वेबोगदा ५७ किलोमीटरचा, जगातला सर्वांत लांब. आडवे जोडबोगदे, खाली उतरणाऱ्या विहिरी असं सगळं धरलं तर कोरलेली एकूण लांबी जवळपास १५२ किलोमीटर. बाहेर काढलेला दगड २ कोटी ८२ लाख टन. डोक्यावर काही ठिकाणी २,३०० मीटर डोंगर, आणि त्यामुळे आतल्या खडकाचं तापमान ४६ अंशांपर्यंत. दोन्ही बाजूंनी कोरत आणलेले बोगदे १५ ऑक्टोबर २०१० रोजी एकमेकांना भेटले, तेव्हा चूक निघाली आडवी ८ सेंटिमीटर आणि उभी १. सतरा वर्षांचं बांधकाम, बारा अब्ज फ्रँकच्या आसपास खर्च, आणि प्रवाशाच्या वाट्याला काय? वीसेक मिनिटांचा अंधार. त्यापेक्षा वेळ असेल त्यानं वरच्या जुन्या, १८८२ च्या मार्गानं जावं. तो मार्ग चढताना डोंगरात गोल गोल वळतो, आणि वासेन गावचं चर्च खिडकीतून तीनदा दिसतं: आधी वर, मग समोर, मग खाली.

स्वित्झर्लंडमध्ये ट्रेन जिंकते त्याचं कारण मात्र बोगदा नव्हे, वेळापत्रक आहे. हा देश महाराष्ट्रात सात वेळा मावेल एवढा. १९८७ मध्ये तिथल्या मतदारांनी एक रेल्वे योजना मंजूर केली, तिचं सूत्र असं: गाड्या शक्य तितक्या वेगवान नकोत, गरजेपुरत्या वेगवान हव्यात. गरज कोणती? मोठ्या जंक्शनांमधला प्रवास तासाच्या जरा आत बसावा, एवढीच. झ्युरिक ते बर्न ५६ मिनिटांत झालं की पूर्ण तासाच्या थोडं आधी सगळ्या दिशांच्या गाड्या जंक्शनात येतात, माणसं फलाट बदलतात आणि तासाच्या थोडं नंतर सगळ्या निघतात. आठ दिशांच्या गाड्या अशा भेटल्या की ५६ जोडण्या आपोआप साधतात, आणि दर तासाला पुन्हा. त्यासाठी नवे रूळ टाकले, आणि १२ डिसेंबर २००४ ला एका रात्रीत देशातल्या बहुतेक गाड्यांच्या वेळा बदलल्या. आपल्या कागदावरच्या कोट्यवधी बेतांचं ओझं असं कुणीतरी आधीच उचलून ठेवलेलं असतं.

हाच विश्वास घेऊन जर्मनीत जाऊ नये. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरत नाहीत. स्विस रेल्वे तीन मिनिटांचीच सूट देते आणि तरी ९३ टक्क्यांवर असते. एका दिवसात चार गाड्या बदलायच्या असतील तर चारही वेळेवर असण्याची शक्यता स्वित्झर्लंडमध्ये ७५ टक्के, जर्मनीत १५. फार उशीर झालेली जर्मन गाडी स्विस लोक कधीकधी सीमेवरच्या बाझेललाच थांबवतात आणि पुढे स्वतःची गाडी सोडतात. आजारी पाहुण्याला दारातूनच परत पाठवण्याचा हा प्रकार थोडा निर्दयी आहे, पण आकडे तसेच टिकतात.

मग कार कुठे? शहरांत तर नाहीच. व्हेनिसमध्ये ती वेशीवरच्या वाहनतळापुढे जात नाही, झेर्मट या स्विस गावासाठी पाच किलोमीटर आधी टॅशला सोडावी लागते, फ्लोरेन्सच्या जुन्या भागात परवान्याशिवाय शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते. मिलान ते रोम ट्रेननं तीन तास, कारनं सहा. कार लागते ती दोन शहरांच्या मधल्या मोकळ्या जागेत: टस्कनीतली शेतं, डोलोमाइट्सच्या खिंडी, स्टेल्व्हिओ खिंडीच्या एका बाजूची ४८ वळणं. ती तिथल्याच स्टेशनावर घ्यावी, दोन-तीन दिवसांनी तिथेच परत करावी. नऊही टप्पे कारनं करणारा माणूस पार्किंगचे पैसे भरत युरोप पाहतो. आणि ट्रेन म्हणजे वेग, हेही नेहमी खरं नसतं. झेर्मटहून सेंट मॉरिट्झला जाणारी ग्लेशियर एक्सप्रेस २९१ किलोमीटरला आठ तास घेते, वाटेत ९१ बोगदे आणि २९१ पूल. आपल्या कोकण रेल्वेला नव्वदच्या आसपास बोगद्यांसाठी ७४० किलोमीटर लागतात.

एवढं सगळं करूनही यादी जड वाटत असेल तर सर्वांत परिणामकारक उपाय एक शहर गाळण्याचा. दहाची नऊ केली की क्रम ३६ लाखांवरून ३,६२,८८० वर येतात, ट्रेन-कारचे पर्याय निम्मे होतात, म्हणजे बेतांचा आकडा एका फटक्यात विसाव्या हिश्श्यावर आला. शिवाय बॅगांचे पाच तास सुटले. कोणतं शहर गाळायचं, एवढंच घरात विचारायचं. चौघांनी मनाला येईल ते एकेक नाव सांगितलं तर उत्तरांच्या १०,००० शक्यता आहेत, आणि चौघांचं एकमत होतं त्यांतल्या फक्त दहांत.