मंडईतला वीर, पोथीतला वीर

भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडया भरू लागतात. आज या गावी, उद्या त्या गावी. हलका धान निघालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो आणि लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर खडीगंमत, म्हणजे आमची लोकनाट्यं. मोहाडी तालुक्यातल्या अशाच एका मंडईत काही वर्षांपूर्वी मी रात्रभर बसलो होतो. शाहीर प्रतापगडाच्या प्रसंगापाशी आला, त्याने डफावरची थाप हलकी केली आणि आवाज खाली आणला. माझ्या पुढ्यात घोंगडं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याने मांडीवर झोपलेल्या नातवाला हलवलं. म्हणाला, ‘‘उठ बे, सिवाजी येऊन रायला.’’ आमच्या झाडीबोलीत ‘श’चा ‘स’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. पोरगं डोळे चोळत उठून बसलं.

त्याच सुमारास मी कवी यशवंतांचं ‘छत्रपती शिवराय’ वाचत होतो. यशवंतांसारख्या मोठ्या कवीने उतारवयात, फार निष्ठेने लिहिलेलं हे महाकाव्य 1968 साली आलं. मी ते आदराने वाचलं, पण रात्री जागून नाही. त्या पोराला झोपेतून उठवणारं जे काही होतं ते इथे का नाही, या प्रश्नाने मला तेव्हापासून सोडलेलं नाही.

वीरांवरच्या दीर्घ काव्याची ओढ आपल्याकडे जुनी आहे. युरोपात ‘नाइट’ म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं चिलखत आणि धन्याला दिलेला शब्द. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द शिलेदार. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराला स्वतःचा. स्वतःच्या घोड्यावर बसून परक्या मुलखात मरायला निघालेला माणूस कवीला भुरळ घालणारच. इंग्लंडात टेनिसनने आर्थर राजा आणि त्याच्या सरदारांवरची पहिली चार काव्यं 1859 साली छापली आणि तो सगळा व्याप पुरा व्हायला 1885 उजाडलं. त्यातला आर्थर निष्कलंक आहे आणि म्हणूनच तो आपल्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो लॅन्सलॉट. राजावर त्याचं मनापासून प्रेम आहे आणि राजाच्याच राणीपायी त्याचं इमान डागाळलं आहे. पुढे टॉल्किननेही आर्थरच्या शेवटावर जुन्या इंग्रजी घाटणीचं काव्य लिहायला घेतलं आणि ते अर्ध्यावर सोडलं. ते अपुरं काव्य 2013 साली छापलं गेलं.

मराठीत 1869 हे साल विसरण्याजोगं नाही. त्या एकाच वर्षी शिवाजी महाराजांवर दोन काव्यं आली. महादेव मोरेश्वर कुंटे यांचं ‘राजा शिवाजी’ हा आधुनिक मराठीतला महाकाव्याचा पहिला मोठा प्रयत्न. कुंट्यांनी संस्कृत पंडिती वळण टाकून बोलीतले साधे शब्द घेतले, पण आपली काव्यविषयक भूमिका मांडली ती इंग्रजी प्रस्तावनेतून. दुसरं काव्य जोतीराव फुल्यांचा पवाडा. फुल्यांचा राजा ‘कुळवाडीभूषण’ आहे, म्हणजे नांगर धरणाऱ्यांचा आहे, आणि पवाडा गाण्यासाठी रचलेला आहे. कुंट्यांचं धाडस मला मोठं वाटतं. मराठी कवितेला त्यांनी एक बंद दार उघडून दिलं. पण ते आज अभ्यासापुरते उरले आणि फुल्यांचा पवाडा अजून बोलला जातो, कारण फुल्यांना ऐकणारा कोण हे आधीपासून ठाऊक होतं.

सावरकरांनी अंदमानच्या कोठडीत, कागद नसताना, भिंतीवर कोरून आणि पाठ करून ‘कमला’ आणि ‘गोमांतक’ रचलं. पाठांतर हाच ज्या काव्याचा कागद होता, त्या काव्याची गोष्ट वेगळी. छापील महाकाव्यावर खरा घाला आला तो कादंबरीचा. 1967 साली ‘मृत्युंजय’ आली, 1968 साली ‘श्रीमान योगी’ आली. म्हणजे यशवंतांचं महाकाव्य ज्या वर्षी आलं त्याच वर्षी मराठी वाचक शिवाजी महाराजांना गद्यात भेटायला निघून गेला. कर्ण आणि शिवाजी दोघंही कादंबरीत एकटे बसतात, चुकतात, रागावतात, आईच्या आठवणीने हळवे होतात. ती मोकळीक महाकाव्याला आपण कधी दिलीच नव्हती. गदिमांनी त्याआधीच वाट काढली होती. ‘गीतरामायण’ 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत असं आलं. छप्पन्न गीतं झाली आणि प्रत्येक गीत आपल्यापुरतं पुरं होतं.

मला वाटतं, अडचण वृत्ताची नाही, लांबीचीही नाही. ज्याची पूजा होते त्याच्याबद्दल शंका घेता येत नाही. आणि शंका नसलेला नायक शेकडो पानं ओढत नाही. नेसरीचं उदाहरण घ्या. उमराणीला हाती सापडलेल्या बहलोलखानाला प्रतापराव गुजरांनी सोडून दिलं. महाराजांनी खरमरीत शब्दांत जाब विचारला. 24 फेब्रुवारी 1674 रोजी सेनापती सहा स्वारांसह खानाच्या फौजेवर तुटून पडला आणि सातही जण कामी आले. युद्धशास्त्राच्या हिशोबाने ही चूक होती, त्याआधी खानाला सोडणं हीसुद्धा चूकच. पण कुसुमाग्रजांनी त्या सात घोड्यांवर लिहिलेली छोटीशी कविता, पुढे लताबाईंच्या आवाजातलं गाणं, महाराष्ट्राला पाठ आहे. बोल लागलेल्या माणसाने फेडलेली किंमत आहे ती.

आणि असा ठेचकाळलेला वीरच मनात राहतो, हे आमच्या भागाला कुणी शिकवायची गरज नव्हती. भंडारा जिल्ह्यातून 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला. त्याआधी सालेकसा तालुक्यातलं कचारगड आमच्याच जिल्ह्यात होतं. माघी पौर्णिमेला तिथे ‘जय सेवा’चा घोष करत गोंड समाज दूरदूरच्या राज्यांतून येतो. डोंगर चढून गुहेच्या तोंडाशी गेलं की आत गारवा लागतो आणि छताच्या भगदाडातून उजेडाचा एक झोत खाली पडलेला दिसतो. गुहेत कोंडलेल्या लेकरांना सोडवणाऱ्या पारी कुपार लिंगोची ही जागा. लिंगोची कथा गोंडांचे गायक असलेले परधान गात आले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती एका परधानाकडून टिपून घेतली. हिस्लॉप 1863 साली नदीत बुडून वारले आणि त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापली. कुंटे-फुल्यांच्याही आधी तीन वर्षं! पुढे फोरसाइथ यांनी 1871 साली ती अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर इंग्रजीत आणली आणि तिचा रानातला आवाज तिथेच हरवला.

त्या कथेतला लिंगो भाऊ मानलेल्यांच्या बायकांच्या आळामुळे त्याच भावांच्या हातून मारला जातो, त्याचे डोळे काढले जातात, मग अमृताने तो पुन्हा उठतो आणि त्याच गोतासाठी पुन्हा कामाला लागतो. अन्याय सोसूनही माणसांत परतणारा वीर. छापील मराठी महाकाव्याला जी मोकळीक मिळाली नाही ती निरक्षर गायकाने सहज घेतली होती. लिंगोवर आधुनिक मराठीत, झाडीबोलीत किंवा गोंडीत एक मोठं काव्य व्हावं ही माझी जुनी इच्छा आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीला अभ्यासात आणि साहित्यात जागा मिळवून दिली. आता कवीची भाषा तयार आहे, विषय तर डोंगरातच बसला आहे.

तुमसरजवळचा अंबागडही असाच वाट पाहतो. देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा सुभेदार राजाखान पठाण याने 1700 च्या सुमारास तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तिथे कैदी ठेवले. कैद्यांना विहिरीचं साचलेलं विषारी पाणी प्यायला लावत, असं सांगतात. गोंड राजाने किल्ला सोपवलेला पठाण आणि नंतर त्याच भिंतींआड पाण्याला भ्यालेला कैदी: दोघांपैकी वीर कोण, हे ठरवण्याची घाई न करणारा कवी हवा.

त्या मंडईत पहाटेच्या सुमाराला प्रतापगडावरचा अफझलखान पडला होता, डफ थांबला होता. शाहिराने पुढची ओळ म्हणण्याआधी घटकाभर नुसतं लोकांकडे पाहिलं. मेलेल्या खानाच्या आईचा विचार कुणी केला का, असा सवाल त्याने आपल्या साथीदाराला टाकला आणि त्यावर दोन कडवी जागच्या जागी रचून गायली. कुणी कुजबुजलं नाही, कुणी उठलं नाही. म्हाताऱ्याने घोंगड्याचं टोक नातवाच्या अंगावर ओढलं. उजाडायला आलं तेव्हा शाहीर फेटा सोडून खांद्यावर टाकत होता. भारी धानाच्या कापणीला त्याला बांधीवर जायचं होतं.