सरासरीपलीकडची हवा

हवेची वार्षिक सरासरी ही धोरण ठरवणाऱ्यांची सोय आहे. दमेकऱ्याचा जीव मात्र वर्षातील दोन-चार दिवसांतच पणाला लागतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुरके पाचच दिवस राहिले आणि सुमारे चार हजार माणसे दगावली.

अशा टोकाच्या दिवसांचे गणित निराळे आहे. फिशर व टिपेट यांनी १९२८ साली दाखवले, की मोठ्या नोंदसंचांतील कमाल आकडे सामान्यतः तीनच प्रकारच्या वितरणांकडे झुकतात. त्या आधारे प्रत्येक हिवाळ्यातील सर्वोच्च नोंद घेऊन आजवर न दिसलेल्या पातळीची शक्यताही अजमावता येते. मात्र त्यासाठी सूक्ष्म कणांचे मूळ प्रमाण घ्यावे, निर्देशांक नव्हे. आपला निर्देशांक ५०० वर थांबतो. हवा थांबत नाही.

खरी गुंतागुंत प्रदेशाचा विचार करताना येते. दिल्ली, नोएडा व गाझियाबाद येथे एखादी घातक पातळी प्रत्येकी २० हिवाळ्यांत एकदा ओलांडली जाते, असे समजू. ही शहरे परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर तिन्हीकडे एकाच हिवाळ्यात तसे घडणे ८,००० हिवाळ्यांत एकदा. हा दिलासा फसवा आहे. थंडीत जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार थराचे झाकण बसते, वारा पडतो, आणि त्या झाकणाला नगरपालिकांच्या हद्दी ठाऊक नसतात. म्हणून हे परस्परावलंबन अंतरानुसार कसे घटते, तेही प्रारूपात मोजावे लागते. तसे केल्यास उत्तर ८,००० पेक्षा २० च्या कितीतरी जवळ येते. आणि एका शहरातील रुग्णालये भरली तर मुलांना शेजारच्या शहरात हलवू, ही योजना कागदावरच राहते.