अहमदाबादच्या पोळींमधून

मुंबईहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी अहमदाबाद येतं. स्टेशन काळुपूरला आहे आणि जुनं शहर तिथूनच सुरू होतं. महापालिकेचा ‘हेरिटेज वॉक’ १९९७ पासून चालू आहे. तो सकाळी आठला काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्याच्यासोबतच जावं. नंतर मात्र एकट्यानं, वाट चुकत हिंडावं.

अहमदशहानं १४११ मध्ये साबरमतीच्या काठी हे शहर वसवलं. पुढे महमूद बेगड्यानं त्याला तट घातला. घेर सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे बारा. विसाव्या शतकात तट बहुतेक पाडला गेला. दिल्ली दरवाजासारखे काही दरवाजे तेवढे रहदारीच्या मधोमध उभे आहेत. पण तटबंदी म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर पोळीत शिरावं लागतं.

पोळ म्हणजे एका जातीच्या, धंद्याच्या किंवा पंथाच्या घरांची गल्ली. तिला स्वतःचं दार असतं, रात्री ते लागायचं. दारावर पहारेकऱ्याची खोली असते. आत अरुंद बोळ, त्यांना फुटलेल्या खडक्या (लहान उपगल्ल्या), मध्येच एखादं जैन देरासर (मंदिर) आणि खांबावर उभारलेला नक्षीदार चबुतरो. पाखरांना दाणे टाकण्याची ही जागा. बोळ संपला असं वाटतं तोच कुणाच्या तरी भिंतीलगतची फट दुसऱ्या पोळीत काढून देते. संकटात निसटण्यासाठी ठेवलेल्या या वाटा आजही रोजच्या वापरात आहेत.

घरं पाहावीत तर सकाळच्या उन्हात. रस्त्याला ओटा, आत चौक, चौकाखाली टाकं. छपरावरचं पावसाचं पाणी नळीनं या टाक्यात उतरवायचं आणि वर्षभर प्यायचं, अशी सोय. भिंती विटांच्या, पण त्यांत सागवानी तुळया बसवलेल्या. भूकंपात लाकूड हलतं, धक्का सोसतं आणि वीट धरून ठेवतं. १८१९ च्या कच्छच्या भूकंपात जामा मशिदीचे मिनार कोसळले. दगडात इतकी नजाकत असलेल्या या शहरात माणसं राहिली ती लाकडाच्या भरवशावर.

मराठी माणसानं या गल्ल्यांत थोडं अंतर्मुख होऊन चालावं. १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतलं. मधे ते हातचं गेलं. १७५८ पासून १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा इथे वाटणीचा कारभार होता. रायखडमधली गायकवाड हवेली ही त्याची खूण. त्याआधीच्या मुघल-मराठा झगड्यात वेढे पडले, खंडण्या वसूल झाल्या, वस्ती ओसरली. पोळींची दारं भक्कम होत गेली त्यामागे ही धास्तीही होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत अटकेपार गेलेले घोडे भेटतात. त्या घोड्यांच्या टापा ऐकून आतून अडसर घालणारी माणसं इथे भेटतात, आणि ती भेटायलाच हवीत.

त्याच राजवटीनं मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. भद्रच्या किल्ल्यासमोर, बाजाराच्या गर्दीत, तीन दरवाजा आहे. त्यावर १८१२ चा देवनागरी शिलालेख आहे. सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचं ते फर्मान: मुलीला बापाच्या मिळकतीतला वाटा विनाअडथळा मिळावा. मोडेल त्यानं, हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जाब द्यावा. हिंदू वारसा कायद्यानं देशभर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला तो २००५ साली.

तिथून माणेकचौक जवळच. दिवसा सराफी, रात्री खाऊगल्ली. बादशहाचा आणि राणीचा हजिरो, म्हणजे कबरींच्या वास्तू, याच परिसरात आहेत.

२०१७ मध्ये युनेस्कोनं या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. असा मान मिळालेलं हे भारतातलं पहिलं शहर. पण पाटीनं घरं टिकत नाहीत. मुलं नदीपलीकडच्या फ्लॅटमध्ये गेली, घरांची गोदामं झाली, कोरीव खांब भंगारात निघाले. काही हवेल्या दुरुस्त होऊन पाहुण्यांसाठी उघडल्या आहेत. जाल तेव्हा नदीपलीकडचं हॉटेल सोडा आणि अशाच एखाद्या हवेलीत उतरा. तुमच्या भाड्यातून तिथलं छप्पर शाकारलं जातं.