परत येणाऱ्या पैशाचं पुण्य

धंद्यात पहिला बरा नफा झाला की तरुण उद्योजकाच्या नव्या वर्षाच्या यादीत एक ओळ हमखास येते. उलाढाल दुप्पट करायची, नवं मशीन घ्यायचं, सकाळी पळायला जायचं, आणि त्याखाली : 'समाजाला काहीतरी परत द्यायचं.' हल्ली या ओळीपुढे 'सूक्ष्मकर्ज' असा शब्द दिसू लागला आहे. देणगी एकदा दिली की संपली. कर्जाचे पैसे परत येतात, पुन्हा दुसऱ्याला देता येतात. धंदा करणाऱ्याला हा हिशेब पटतो. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण ध्येय आणि सूक्ष्मकर्ज या दोन्ही गोष्टींभोवती ऐकीव माहिती इतकी साचली आहे की पैसे द्यायच्या आधी थोडी झाडलोट केलेली बरी.

'ध्येयं लिहून ठेवणारे तीन टक्के लोकच पुढे जातात'

प्रेरणादायी व्याख्यानांतली ही लाडकी गोष्ट. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीतल्या फक्त तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांपेक्षा जास्त भरली, असं सांगतात. 'फास्ट कंपनी' या अमेरिकी मासिकाने १९९६ साली याचा माग काढला, तेव्हा एक वक्ता दुसऱ्याकडे बोट दाखवत गेला. येलकडे अशा पाहणीची नोंदच नव्हती.

खरं संशोधन आहे ते मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचं. नेमकं आणि थोडं अवघड ध्येय समोर असलं, त्याच्याशी बांधिलकी असली आणि कुठवर आलो हे वेळोवेळी कळत राहिलं, तर 'जमेल तेवढं करू'पेक्षा काम चांगलं होतं. आता 'यंदा एक लाखाची कर्जं देणार' हे ध्येय नेमकं आहेच. फक्त त्यात मोजला जातो तो देणाऱ्याचा खिसा. घेणाऱ्या बाईची रोजची विक्री वर्षभरानंतर वाढली का, सावकाराकडची तिची उचल थांबली का, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. माझ्या मते सूक्ष्मकर्जाविषयीचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

'माझे पैसे थेट तिच्या हातात जातात'

किवा ही संस्था मॅट फ्लॅनरी आणि जेसिका जॅकली यांनी २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत उभी केली. पहिली कर्जं युगांडातल्या टोरोरो गावच्या सात जणांना गेली. पुढे पद्धत बसली : संकेतस्थळावर फोटो बघायचा, बकऱ्या पाळणारी किंवा शिवणकाम करणारी कोणी निवडायची, पंचवीस डॉलर टाकायचे. परत आले की पुन्हा टाकायचे. जगभरच्या तरुण नोकरदारांनी आणि उद्योजकांनी ही कल्पना उचलून धरली.

२००९ मध्ये डेव्हिड रूडमन या संशोधकाने लक्षात आणून दिलं की तुम्ही फोटोवर क्लिक करता तेव्हा त्या बाईला कर्ज बहुतेक वेळा मिळालेलं असतं. स्थानिक वित्तसंस्थेने ते आधीच दिलेलं असतं. तुमचे पंचवीस डॉलर त्या संस्थेकडे जातात. किवाने त्यानंतर आपली पद्धत अधिक स्पष्ट शब्दांत मांडायला सुरुवात केली. यात फसवणूक शोधायला जाऊ नये. बकरी बाजारात आली असताना कुणी सातासमुद्रापलीकडून क्लिक करेपर्यंत थांबत नाही. पण मग एक गोष्ट ओघाने येते : निवडायचा असतो चेहरा नव्हे, तर मधली संस्था. ती व्याज किती घेते, वसुली कशी करते, हप्ता चुकला तर काय करते, याची चौकशी करायची.

भारतात बंगळुरूच्या 'रंग दे'ने २००८ पासून सामान्य माणसाला असं कर्ज देण्याची वाट करून दिली. आज हे काम रिझर्व्ह बँकेच्या पीटूपी, म्हणजे व्यक्तीने व्यक्तीला कर्ज देण्याच्या, नियमांखाली येतं. एका कर्जदाराला एका व्यक्तीने ५० हजारांपेक्षा जास्त देता येत नाही, मुदत ३६ महिन्यांपलीकडे नेता येत नाही. २०२४ च्या सुधारणेनंतर हेही स्वच्छ झालं आहे की पैसे बुडाले तर तोटा देणाऱ्याचा. प्लॅटफॉर्मला त्याची हमी घेता येत नाही.

'बिनव्याजी आहे'

तुमच्यासाठी बिनव्याजी असेल. तिच्यासाठी बहुधा नसतं. मधली संस्था व्याज घेते, आणि त्याला कारणही आहे. वीस हजारांच्या कर्जासाठी कागदपत्रं, गटाच्या मीटिंगा आणि दारोदारचे फेरे लागतातच, आणि वीस लाखांच्या कर्जाला खर्च काही शंभरपट येत नाही.

व्याज कसं सांगितलं जातं, हे मात्र तपासा. समजा तीस हजार रुपये दोन वर्षांसाठी 'बारा टक्के फ्लॅट' दराने दिले. व्याज ७,२००, महिन्याचा हप्ता १,५५०. ऐकायला ठीक. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण तीस हजारांवर लागतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्मकर्जांसाठी नवी नियमावली आणली. त्यात व्याजदरावरची कमाल मर्यादा काढली, पण सगळा खर्च धरून प्रत्यक्ष दर किती पडतो ते माहितीपत्रकात लिहून देण्याची सक्ती केली. संस्थेला पैसे द्यायच्या आधी तो कागद मागा. द्यायला कुरकुर करणारी संस्था असेल तर उत्तर मिळालंच.

'परतफेड अठ्ठ्याण्णव टक्के आहे, म्हणजे सगळं छान चाललंय'

हप्ता वेळेवर आला म्हणजे धंदा चालला, असं मानणं सोयीचं असतं. हप्ता दुसऱ्या फायनान्सच्या कर्जातूनही येतो. मंगळवारची मीटिंग एका कंपनीची, गुरुवारची दुसरीची, आणि एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये हेच टोकाला गेलं. एकेका घरात अनेक कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या. ऑक्टोबरमध्ये सरकारने अध्यादेश काढला आणि तिथली परतफेड जवळजवळ ठप्प झाली. त्याआधी वर्षानुवर्षं याच कंपन्यांचे परतफेडीचे आकडे डोळे दिपवणारे होते.

२०२२ च्या नियमावलीत या अनुभवाचा वास आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्मकर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही.

आणि रोज न चुकता फेडणाराही कर्जातून सुटतोच असं नाही. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातले छोटे विक्रेते सकाळी हजार रुपये उचलून संध्याकाळी साधारण १,०५० परत करतात. दिवसाला पाच टक्के! साहजिकच वाटतं की हे कर्ज एकदा कुणी फेडून टाकलं की माणूस सुटला. संशोधकांनी तिथे आणि फिलिपाइन्समध्ये नेमकं तेच करून पाहिलं, विक्रेत्यांचं सावकारी कर्ज फेडून दिलं. काही आठवड्यांत बरेच जण पुन्हा सावकाराच्या दारात होते. घरात एखादं आजारपण किंवा लग्न आलं की खेळतं भांडवल तिकडे जातं, आणि दुसऱ्या दिवशी माल तर भरायचाच असतो.

'कर्ज मिळालं की गरिबी हटते'

अर्थशास्त्रज्ञ मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावातल्या ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, पुढे ग्रामीण बँक झाली आणि २००६ मध्ये दोघांना शांततेचं नोबेल मिळालं. या गोष्टीने एका पिढीला भारून टाकलं. नंतर मोजमाप करणारे आले. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांपैकी निम्म्यांत सूक्ष्मवित्त संस्थेच्या शाखा सुरू झाल्यावर काय होतं ते तपासलं. २०१५ मध्ये हा आणि इतर पाच देशांतले असेच अभ्यास एकत्र छापून आले. सूर सगळीकडे सारखा : धंद्यात थोडी गुंतवणूक वाढते, घराला थोडी मोकळीक मिळते, उत्पन्नात मोठी झेप दिसत नाही, मुलांच्या शिक्षणात किंवा घरातल्या बाईच्या शब्दाला मान मिळण्यात ठळक फरक दिसत नाही.

पण सरासरीच्या आड एक गट होता. कर्ज येण्याआधीच ज्यांचा धंदा सुरू होता, त्यांना फायदा झाला आणि तो पुढे कित्येक वर्षं टिकला. गरिबीमुळे नाइलाजाने टपरी टाकणारा आणि धंद्याचं डोकं असलेला, यांत फरक असतो, हे तरुण उद्योजकाला वेगळं सांगायला नको. तरीही फोटो निवडताना तो सगळ्यात बिचारा चेहरा निवडतो.

कोलकात्यातला एक प्रयोगही सांगण्यासारखा आहे. तिथे काही बायकांना पहिला हप्ता नेहमीसारखा दोन आठवड्यांत भरायचा होता, काहींना दोन महिन्यांची सवलत दिली. सवलत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि पुढे नफाही जास्त कमावला. कर्ज बुडवण्याचं प्रमाणही त्यांच्यातच वाढलं. धंद्याला दम धरायला वेळ द्यायचा तर थोडी बुडीत सोसायची तयारी हवी. बँकेला ते परवडत नाही. स्वतःच्या नफ्यातला हिस्सा बाजूला काढणाऱ्याला परवडू शकतं.

'गरिबांना हवं असतं ते कर्जच'

सातारा जिल्ह्यातला माण तालुका, कायम दुष्काळी. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा तिथे म्हसवडला राहायला आल्या. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला कर्ज नको होतं, अनुदान नको होतं. रोजच्या कमाईतले थोडे पैसे सुरक्षित ठेवायला बँकेत खातं हवं होतं, म्हणजे पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घेता आला असता. एवढ्या लहान रकमेसाठी बँक तिला दारात उभी करत नव्हती.

बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेक जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. मग साक्षरतेचे वर्ग भरले. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढू द्या, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आठवडी बाजार सोडून बँकेत येणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापर्यंत बँकच जाते.

महाराष्ट्रातल्या बचत गटांचा क्रमही हाच असतो : आधी बचत, मग आपसांत उचल, मग बँक. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरातले ५०० गट बँकांशी जोडायचं ठरवलं, तेव्हाही पाया बचतीचाच होता. आपल्या यादीत 'इतक्या जणींना कर्ज' असं लिहिणाऱ्याने 'इतक्या जणींची बचत खाती' असंही लिहून बघायला हरकत नाही. फोटो तितका चांगला येणार नाही.

कायद्याचं थोडक्यात

ओळखीतल्या भाजीवालीला अडीनडीला बिनव्याजी पैसे देणं वेगळं. व्याजाने पैसे लावण्याचा व्यवसाय करायचा तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो आणि विनापरवाना सावकारीला तुरुंगवासाची तरतूद आहे. कर्ज ही देणगी नसल्याने त्यावर देणगीची आयकर सवलत मिळत नाही. आणि सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामावर खर्च करण्याचं, बंधन मोठ्या कंपन्यांना असतं : ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांपैकी काहीतरी असेल तर. छोट्या उद्योजकाने दिलेलं सूक्ष्मकर्ज त्या खात्यात बसवू नये.

'धंदा वेगळा, समाजाला परत देणं वेगळं'

हा शेवटचा गैरसमज मला सगळ्यात महागडा वाटतो. एकीकडे दूरच्या गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला पंधरा हजारांचं कर्ज द्यायचं आणि दुसरीकडे आपल्याच मालाचे खोके पुरवणाऱ्याचं, जॉबवर्क करणाऱ्याचं बिल नव्वद दिवस लटकवायचं. त्या नव्वद दिवसांत सूक्ष्मकर्ज कोण कोणाला देतं? छोटा पुरवठादार तुम्हाला देत असतो, तेही बिनव्याजी, आणि स्वतः कुठून तरी व्याजाने उचलून.

२००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही अट आली : मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. मात्र रोजचा चहा आणणाऱ्याकडे, टेम्पोवाल्याकडे, घरी बसून माल पॅक करून देणाऱ्या बायकांकडे बहुधा 'उद्यम' ही सरकारी नोंदणी नसते आणि उधारीचा हिशेब तोंडीच असतो. त्यांना या कायद्याचा आधार सहजासहजी मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दिवसांची अट स्वतःच्या यादीत स्वतःच लिहावी लागते.