शहरी वस्तीत कुत्र्याचे पिल्लू पाळताना

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेटाची हद्द उत्तरेकडे जेथे संपत असे, त्या भागातील कोळीवाड्यात फाळणीनंतर पंजाब व सिंध प्रांतांतून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली. मूळ कोळी वस्ती, निर्वासितांच्या इमारती आणि नंतरच्या झोपड्या यांनी शीव कोळीवाडा दाट वसला आहे. अशा वस्तीत पाळण्यासाठी आणलेले पिल्लू पुष्कळदा दुकानातून येत नाही. जिन्याखाली अथवा हातगाडीच्या आडोशाला व्यालेल्या कुत्रीचे ते असते आणि मुले त्याला उचलून घरी आणतात. त्यात गैर काही नाही. मात्र पहिल्या तीन-चार महिन्यांत घ्यावयाची काळजी घरच्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण प्रश्न केवळ पिल्लाच्या आरोग्याचा नसतो.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. त्याहून लहान पिल्लाच्या विक्रीस कायद्यानेही मनाई आहे. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला काही रोगांपासून संरक्षण मिळते. हे संरक्षण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यांच्या दरम्यान हळूहळू ओसरते. परंतु ते शिल्लक असेपर्यंत टोचलेली लसही निष्प्रभ ठरू शकते. एकच लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा टोचावी लागते, ती यामुळे. ‘एकदा टोचले, आता काळजी नाही’ ही समजूत अनेक पिल्लांच्या जिवावर बेतते.

पार्व्हो या विषाणूचा विचार येथे विशेष करावयास हवा. 1978 च्या सुमारास हा रोग जगभर पसरला. रक्ताची हगवण व उलट्या होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. विषाणू जमिनीवर अनेक महिने तग धरतो, माणसाच्या चपलेबरोबर घरात येतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने मात्र तो मरतो. यास्तव लसटोचणी पुरी होईपर्यंत पिल्लाला गल्लीत मोकळे सोडू नये. दुसऱ्या बाजूने, तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात जे आवाज, माणसे व प्राणी पिल्लाच्या परिचयाचे होतात, त्यांची भीती त्याला पुढे वाटत नाही. कोंडून वाढविलेले पिल्लू भित्रे आणि म्हणून चावरे होते. यावर सोपा तोडगा म्हणजे पिल्लाला कडेवर घेऊन बाजार, रहदारी आणि शेजारची मुले दाखवून आणणे.

रेबीजची लस साधारणपणे तिसरा महिना पूर्ण झाल्यावर टोचतात. पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने व नंतर दरवर्षी द्यावयाची असते. तोवरचा काळ जोखमीचा असतो. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात, ते खेळताना ओरखडते, आणि घरातले ‘लहानच आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला पिसाळलेला कुत्रा आधीच चावलेला असू शकतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय जवळजवळ नाही आणि त्याला बळी पडणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. ओरखड्यातून रक्त आले असो वा नसो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय या वस्तीला जवळचे आहे. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या धास्तीने आजही काहीजण टाळाटाळ करतात. ती लस केव्हाच बंद झाली. आता त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत पहिला, तिसरा, सातवा व अठ्ठाविसावा अशा चारच खेपा होतात. त्यांत टोचणीचा पहिला दिवस शून्य धरतात. रक्त आलेल्या जखमेत प्रतिविषाणू द्रव्यही भरावे लागते.

आहाराबाबत कोळीवाड्याला वेगळे सांगावयास हवे. काटे काढलेली उकडलेली मासळी पिल्लाला चांगली. सुकट-बोंबील मात्र खारट म्हणून वर्ज्य. कांदा, द्राक्षे, चॉकलेट घातक आहेत. घरातील तापाची गोळी पिल्लाला कधीही देऊ नये. जंत आईच्या पोटातून व दुधातूनच येतात आणि त्यांची अंडी मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत दर पंधरवड्यास जंतनाशक द्यावे व विष्ठा लगेच उचलावी. पावसाळ्यात सखल भागात साचणाऱ्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ उद्भवली होती. हा रोग कुत्र्यालाही होतो. त्यावरील लस उपलब्ध आहे.

सल्ला मिळण्याची सोय दूर नाही. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय, म्हणजेच लोकांच्या तोंडचे बैलघोडा इस्पितळ, आणि 1886 साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महानगरपालिकेचा परवाना काढणे आवश्यक असून त्यासाठी रेबीज लसटोचणीचा दाखला लागतो.

पिल्लू मोठे झाल्यावर त्याचे निर्बीजीकरण करावे. गल्लीतील कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसटोचणी ही 2023 च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, ग्रामपंचायतीही त्याला अपवाद नाहीत; घरच्या कुत्र्याची जबाबदारी मात्र मालकाचीच. कंटाळा आला म्हणून पाळलेला प्राणी उपाशीतापाशी रस्त्यावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे. असे सोडलेले कुत्रे पुढे व्याले, की जिन्याखाली पुन्हा पिल्ले दिसू लागतात.