मागे घेतलेला बदल पुसला जात नाही

संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर डॉक्टरांशी बोलताना चित्र गोठले, आवाज तुटला, की बहुतेकांचे निदान ठरलेले असते: अपडेटने बिघडवले, आता जुनेच परत आणा. हे ‘परत आणणे’ म्हणजे नेमके काय, याविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत.

मागे घेतलेला कोड पुसला जातो, हा त्यातला सर्वांत जुना. ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलचा पाया असलेले वेबआरटीसी गूगलने २०११ मध्ये खुले केले आणि २६ जानेवारी २०२१ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. त्याचा कोड गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत असतो. खामगावच्या अडतीवरचा दिवाणजी चुकलेली रक्कम खोडत नाही, उलट नोंद टाकतो. गिटमधले ‘रिव्हर्ट’, म्हणजे बदल मागे घेणे, हेही तसेच. मूळ बदल, तो करणाऱ्याचे नाव, तारीख आणि मागे घेण्याचे कारण, सगळे जागेवर राहते. अडचण वेगळीच असते: त्या बदलावर पुढचे चार बदल रचले गेले असतील, तर उलट नोंद सरळ बसत नाही आणि हाताने सोडवत बसावे लागते.

बदल मागे घेतला म्हणजे कुणीतरी घोळ घातला, असेही समजतात. मला हा गैरसमज जास्त घातक वाटतो, कारण त्यापायी नवशिके प्रोग्रॅमर रिव्हर्ट करायलाच बिचकतात. कॉलमधला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत येतो. हे तुकडे मागेपुढे पोहोचतात, म्हणून थोडा वेळ साठवून मग ऐकवले जातात. समजा, एकाने हा साठा कमी केला. पुण्यात फायबरवर बोलणे लगेच पोहोचू लागेल. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची (आयटीयू) शिफारसही सहज पाळली जाईल. पण टॉवरच्या कडेला असलेल्या गावात उशिरा आलेले तुकडे टाकून द्यावे लागतील आणि शब्द तुटतील. कोड बरोबर, नेटवर्क वेगळे! प्रयोगशाळेत हे सगळे सापडत नाही, म्हणून आधी मागे घ्यायचे, मग कारण शोधायचे, आणि दुरुस्त करून तोच बदल पुन्हा आणायचा, ही रोजची रीत आहे.

कधी तर कोडमध्ये दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमने कुकींचा नवा कडक नियम टप्प्याटप्प्याने लागू करायला घेतला. कोविडच्या काळात बँका, किराणा, सरकारी आणि आरोग्यसेवांची संकेतस्थळे अडू नयेत, म्हणून ३ एप्रिलला तो तात्पुरता मागे घेतला आणि जुलैत पुन्हा सुरू केला.

‘मागे घेतला’ असे ऐकले म्हणजे आपल्या फोनवरही तो गेला, असे नाही. बदल दूरच्या सर्व्हरवरून बंद करता येण्याजोगा ठेवला असेल तर परिणाम लवकर दिसतो. नसेल तर नवी आवृत्ती येऊन ती आपण घेईपर्यंत थांबावे लागते. शिवाय अनेक ॲप वेबआरटीसीची स्वतःची प्रत बाळगतात. ब्राउझर सुधारला तरी ॲप जुन्याच प्रतीवर चालत राहते.

यावर काही जण ॲपच्या जुन्या आवृत्तीची एपीके फाइल शोधून फोनवर टाकतात. त्याने फक्त तो एक बदल जात नाही, नंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्याही जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबआरटीसी वापरते त्या व्हीपी८ पद्धतीचा व्हिडिओ तयार करणाऱ्या लिबव्हीपीएक्स या कोडमध्ये एक भोक सापडले. त्याचा गैरवापर आधीच सुरू होता, आणि क्रोमला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. त्या दुरुस्तीआधीच्या क्रोमवर हे भोक उघडेच आहे.

अपडेटवर आळ घेण्याआधी संगणकावर कॉल चालू असताना क्रोममधले ‘वेबआरटीसी-इंटर्नल्स’ हे पान उघडून पाहावे. हरवलेल्या तुकड्यांचा आकडा तिथे दिसतो. आवृत्ती कालचीच असून आज तो आकडा भराभर चढत असेल, तर तक्रार नेटवर्कवाल्याकडे करायची.